घर बघायला जाल तेव्हा ओढा कुठे आहे ते विचारा

नमस्कार श्रोतेहो.

घर बघायला गेलं की आधी सॅम्पल फ्लॅट दाखवतात. एसी चालू असतो. पलंग मुद्दाम आखूड बनवून घेतलेला असतो, म्हणजे खोली ऐसपैस वाटावी. मग कार्पेट एरिया, पार्किंग, मेंटेनन्स, स्टॅम्प ड्युटी अशी बोलणी सुरू होतात आणि तासाभरात गाडी टोकन रकमेवर येते. ही बोलणी व्हायलाच हवीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण या सगळ्यात एक प्रश्न राहून जातो: इमारत उभी आहे ती जागा कशी आहे? फरशा पुढे बदलता येतात, ओटा हलवता येतो. जागेचं काही करता येत नाही. आज बोलू या जागेबद्दल. उदाहरणं पुण्याची घेतोय, कारण पुण्यानं ती भरपूर दिली आहेत.

२५ जुलै २०२४ ची पहाट आठवा. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठा नदीचं पाणी शिरलं. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, तळमजल्यावरची माणसं होडीतून बाहेर काढावी लागली. खडकवासला धरणातून तेव्हा ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग सुरू होता. हा आकडा आपण बातम्यांत ऐकतो आणि सोडून देतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे १० लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे १०० टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे होत आहेत असं समजा.

'वर चार-चार धरणं आहेत की, ती पाणी अडवतील,' असं एजंट सांगतो. जुलैच्या सुरुवातीला ते थोडंफार खरंही असतं. पण पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या साखळीत खडकवासला अगदी शेवटी आणि आकाराने लहान, जेमतेम दोन टीएमसीचं, म्हणजे दोन अब्ज घनफूट पाण्याचं. दोन दिवस जोरात पडला की ते काठोकाठ भरतं. त्यानंतर येणारं पाणी खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर काय झालं, ते पुण्यातल्या जुन्या घरांमध्ये अजून सांगतात.

म्हणून नदीकाठचं घर बघत असाल तर दोन शब्द पाठ करा: निळी रेषा आणि लाल रेषा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची म्हणजे लाल. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथे नवं बांधकाम करता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते, जोतं, म्हणजे इमारतीचा चौथरा, लाल रेषेच्या वर ठेवायचं वगैरे.

इथे एक गफलत होते. '१०० वर्षांतून एकदा' म्हटलं की आपण निर्धास्त होतो. १९६१ ला येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही! पण हिशोब तसा चालत नाही. तेवढा पूर यंदा येण्याची शक्यता शंभरात एक, पुढच्या वर्षीही शंभरात एक. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी सुट्टी नाही. तुमचं गृहकर्ज २० वर्षांचं असेल, तर त्या २० वर्षांत लाल रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के भरते. निळ्या रेषेपर्यंत? ५५ टक्क्यांच्या वर. म्हणजे हप्ते फिटायच्या आत पाणी येईल असंच धरून चाला. शिवाय या रेषा आखताना नदीचं पात्र जेवढं होतं तेवढं आज मोकळं आहे का, हेही बघायला हवं. पात्रात राडारोडा टाकून भराव झाला की तेवढंच पाणी जास्त उंचीवरून वाहतं.

नदी निदान दिसते तरी. मला जास्त धास्ती वाटते ती ओढ्यांची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजच्या डोंगरातून निघून दांडेकर पुलाजवळून मुठेला मिळणारा हा ओढा. एरवी त्याला लोक नाला म्हणतात आणि नाक दाबून पुढे जातात. त्या रात्री टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळली, माणसं गेली, सोसायट्यांमधल्या गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या. याच ओढ्याचा प्रवाह नानासाहेब पेशव्यांच्या काळात वळवला होता. त्याआधी तो आजच्या पेठांमधून जायचा. वळवण्याला माझी हरकत नाही, पण तेव्हा नवा मार्ग देऊन वळवला होता. आजकाल ओढा पाइपात घालतात, वर पार्किंग करतात आणि ब्रोशरमध्ये 'लँडस्केप गार्डन' लिहितात.

हे ओळखायचं कसं? सर्व्हे नंबर किंवा गट नंबर मागून घ्या आणि जुना गावनकाशा बघा. त्यात ओढा काढलेला असतो. मग तोच ओढा विकास आराखड्यात आहे का, आणि महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरच्या मंजूर लेआउटमध्ये आहे का, ते ताडून बघा. गावनकाशात आहे आणि लेआउटमध्ये नाही, तर तो गेला कुठे हे बिल्डरला विचारा. उत्तर देताना तो किती वेळ घेतो तेही बघा.

कागद राहू द्या, जागेवरही बरंच काही दिसतं. जुन्या सोसायटीत पुनर्विक्रीचा फ्लॅट बघत असाल तर वर जाऊ नका, आधी पार्किंगमध्ये दहा मिनिटं थांबा. विजेचे मीटर कुठे आहेत? तळाशी असायचे ते पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या वळणावर नेऊन बसवले असतील, तर त्यामागे कारण आहे. भिंतीचा गिलावा खालचा चार फूट नवा आणि वरचा जुना दिसतो का? फाटकाशी गुडघाभर उंचीचा उंबरठा बांधलाय का? कोपऱ्यात पाणी उपसायचा पंप, त्याला कायमचा जोडलेला पाइप? सेक्रेटरी म्हणेल, 'आमच्याकडे कधी पाणी येत नाही हो.' तुम्ही पंपाकडे बघून मान डोलवा.

डोंगराकडची घरं हा वेगळा विषय, तिथे फार वेळ घेत नाही. एकास पाचपेक्षा जास्त उतार, म्हणजे पाच फुटांत एक फुटाहून जास्त चढ, असेल तर बांधकामाला परवानगी नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि मागची संरक्षक भिंत जरूर बघा. तिला पाणी बाहेर पडायला भोकं आहेत का, की ती बुजली आहेत? मागची माती पाणी पिऊन फुगली आणि पाण्याला वाट नसली की भिंत ढकलली जाते. २०१९ च्या जूनअखेर कोंढव्यात एका सोसायटीची भिंत पलीकडच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली, १५ जण गेले.

आता नळाचं पाणी. महापालिकेत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली. हद्द वाढली म्हणून जलवाहिनी लगेच पोचत नाही. 'कॉर्पोरेशनचं पाणी आहे' या वाक्यावर समाधान मानू नका. सोसायटीचं गेल्या उन्हाळ्यातलं टँकरचं बिल दाखवा म्हणावं. आणि पाणी येतं ते कुठून, शुद्ध होऊन येतं का, हेही विचारा. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले, तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावरच गेला होता.

हवा आणि आवाज यांच्यासाठी एकच नियम: रविवारी दुपारी घर बघू नका. त्या वेळी सगळंच शांत असतं. हिवाळ्यात सकाळी सातला जा, धूर खाली बसलेला असतो. रेडीमिक्स काँक्रीटचा प्लांट किंवा कचरा डेपो जवळ असेल तर नाकाला कळतंच. रात्री दहानंतर जा. निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण शेजारच्या मंगल कार्यालयाला ते कुणी सांगितलेलं नसतं. विमानतळाजवळ लोहगाव, विमाननगरकडे घर घेणाऱ्यांनी गच्चीवर उभं राहून फोनवर बोलून बघावं.

आणि शेजार? तो इस्त्रीवाल्याला विचारा. त्याला कुठल्या इमारतीत पाणी येत नाही, कुठे भाडेकरू टिकत नाहीत, कुठली लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडते, सगळं ठाऊक असतं. औषधाच्या दुकानदाराला विचारा, पोरं डासांनी आजारी किती पडतात. तळमजल्याच्या दुकानांवर 'भाड्याने देणे आहे' अशा किती पाट्या आहेत ते मोजा. संध्याकाळी बसथांब्यावर एकट्या बाई उभ्या राहू शकतात का, हे घरातल्या बायकांनी स्वतः जाऊन ठरवावं. ते पुरुषांनी लांबून ठरवायचं काम नाही.

एवढं सगळं दोन-चार भेटींत होत नाही, हे मान्य. म्हणून ज्यांना घाई नाही त्यांना मी सांगतो, त्याच भागात आधी भाड्याने राहा. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याचा, करार सहसा ११ महिन्यांचा असतो. तो मे महिन्यात सुरू करा. टँकरचा उन्हाळा, सगळा पावसाळा, गणपती, दिवाळी, हिवाळ्यातला धूर, लग्नसराई, सगळं त्या ११ महिन्यांत बसतं. भाडं जाईल, ब्रोकरचं कमिशन जाईल. मार्चअखेर तुमच्या हातात त्या जागेबद्दलची अशी माहिती असेल, जी कुठलाही सेल्समन तुम्हाला देणार नाही. तोवर टोकन देऊ नका.

नमस्कार.