बूस्ट चढला की गाडी मिस का मारते

मंडळी, बूस्ट म्हणजे टर्बोने इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा जादा दाब. तो वाढवलेल्या गाडीची तक्रार बहुतेक एकच असते. ‘काका, इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत मस्त चालते, पण भेरूघाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबला की मिस मारते.’ मिस म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं. ऐकणाऱ्याचा पहिला संशय फ्युएल पंपावर जातो. माझं सांगणं आहे, आधी ठिणगी बघा.

१ बार बूस्ट म्हणजे सिलिंडरमध्ये जवळजवळ दुप्पट दाबाची हवा. दाब वाढला की प्लगच्या टोकांमधल्या तेवढ्याच गॅपमधून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्येच हा नियम मांडला. प्लगला व्होल्टेज देणारी, सपाट रस्त्यावर पुरणारी कॉइल घाटात कमी पडते, ती इथे. मग वीज दुसरी वाट शोधते. प्लग काढून उजेडात फिरवा. पांढऱ्या सिरॅमिकवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली, तर ठिणगी बाहेरूनच बॉडीला जातेय. तशीच रेघ कॉइलच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी बूटाच्या आतही सापडते. बूट जुनाच ठेवून नुसता प्लग बदललात, तर दुखणं परत येणार. धातूच्या कडेला लागून असलेला तपकिरी पट्टा मात्र निरुपद्रवी. त्यापायी प्लग फेकू नका.

गॅप फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्टीने) मोजा. ०.८ मिमी असेल तर ०.६५ च्या आसपास आणून पाहा, पण इरिडियमच्या बारीक टोकावर जोर देऊ नका. स्कॅनरवर पी०३०२ (दुसरा सिलिंडर मिस) हा कोड आला, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा. कोड पी०३०३ झाला की कॉइल सापडली. कोड जागचा हलला नाही, तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन तपासा. या अदलाबदलीला एक पैसा लागत नाही, तरी पोरं त्याआधीच महागडे इंजेक्टर मागवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. सिलिंडर मिस झाला की वाइडबँड, म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर, ‘लीन’ (पेट्रोल कमी) दाखवतो. सेन्सरला पेट्रोल कळत नाही, त्याला उरलेला ऑक्सिजन कळतो. आणि न पेटलेल्या सिलिंडरमधला सगळा ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. ते पाहून मॅपमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या तक्त्यात) पेट्रोल वाढवलंत, तर ठिणगीचं काम आणखी अवघड होतं, शिवाय न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो वितळवतं.

म्हणून लॉग, म्हणजे गाडी चालताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद, घ्या, आणि तो डायनोवर (गाडी जागीच रोलरवर पळवणाऱ्या यंत्रावर) घ्या. सुपर कॉरिडॉरचा रस्ता किंवा घाट ही त्याची जागा नव्हे, तिथे दुसऱ्यांची लेकरं असतात. लॉगमध्ये आधी काय बिघडलं ते बघा. मिसफायरचा आकडा आधी वाढला आणि मग लीन दिसलं, तर दोष ठिणगीचा. उलट, इंधनाचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला व्हॅक्युमची नळी जोडलेल्या गाडीत ३ बारचं फ्युएल प्रेशर १ बार बूस्टला ४ व्हायला हवं. ते चढायच्या ऐवजी आधीच घसरत असेल, तर खुशाल पंप आणि फिल्टर उघडा.