सर्वानुमते मंजूर

(दृश्य: लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या, स्पायरल केलेल्या अभ्यासक्रमाच्या प्रती.)

विषय क्रमांक एक: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. मग दोन, तीन, चार. शेवटी अध्यक्षांच्या अनुमतीने ऐनवेळी येणारे विषय. स्वायत्त महाविद्यालयात एकेका विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाची सभा साधारण याच वळणाने जाते. जेवण होतं, प्रवासभत्त्याच्या (टीए) बिलांवर सह्या होतात आणि इतिवृत्तात ठरावाखाली दोन शब्द उमटतात: सर्वानुमते मंजूर.

या दोन शब्दांवरून मंडळाचं काम चांगलं चाललंय की नाही हे ओळखायचं कसं?

आधी अधिकार कोणाचे ते पाहू. संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम विद्यापीठाकडून तयार मिळतो. स्वायत्त महाविद्यालय तो स्वतः ठरवतं, परीक्षाही स्वतः घेतं. पदवीवर नाव मात्र विद्यापीठाचं. मुंबईच्या सेंट झेवियर्सला ही मुभा २०१० मध्ये मिळाली. पुढे पुण्याचं फर्ग्युसन, माटुंग्याचं रुईया अशी नावं वाढत गेली.

मंडळावर विभागप्रमुख अध्यक्ष असतात आणि विभागातले शिक्षक सदस्य. बाहेरून येतात ते पालक विद्यापीठाबाहेरचे (म्हणजे ज्याची पदवी मिळते त्या विद्यापीठाबाहेरचे) दोन विषयतज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेले एक तज्ज्ञ, उद्योगक्षेत्रातला एक प्रतिनिधी आणि एक गुणवंत माजी विद्यार्थी. ही बाहेरची मंडळी हवीत ती घरच्यांना अडवण्यासाठी. म्हणून पहिली तपासणी सोपी आहे. तीन वर्षांची इतिवृत्तं काढा आणि बाहेरच्या सदस्याने घेतलेला एक तरी आक्षेप शोधा. ‘तज्ज्ञांनी मौलिक सूचना केल्या’ हे वाक्य मोजायचं नाही. कोणती सूचना केली, ती मानली की नाही आणि मानली नसेल तर का, हे लिहिलेलं असेल तरच तिथे चर्चा झाली असं समजावं.

(दृश्य: विद्यापरिषदेची सभा. प्रस्ताव एकामागून एक पुढे सरकतात.)

अभ्यास मंडळाच्या वर महाविद्यालयाची विद्यापरिषद. एखादा प्रस्ताव पटला नाही तर तो फेरविचारासाठी परत पाठवण्याचा किंवा कारणं देऊन फेटाळण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांनी तिला दिलाय. तो वापरला गेला का? एका दुपारी बारा-पंधरा विभागांचे प्रस्ताव पुढ्यात येतात, तेव्हा परत पाठवायला कोणाला सवड असते? पण वर्षानुवर्षं एकही प्रस्ताव परत गेला नसेल, तर विद्यापरिषदेकडे फक्त शिक्का उरलाय.

मूल्यमापनाची यंत्रणा नाही असं नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था १९९४ पासून आहे. स्वायत्त महाविद्यालयांसाठी अनेक वर्षं चाललेल्या तिच्या चौकटीत हजारपैकी १५० गुण अभ्यासक्रमविषयक निकषाला होते. विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि नोकरी देणारे या चौघांकडून अभिप्राय घ्यायचा, त्याचं विश्लेषण करायचं, त्यावर काय केलं ते सांगायचं आणि सगळं संकेतस्थळावर टाकायचं. कल्पना चांगलीच आहे. पण नॅकची फाइल उघडली की गूगल फॉर्म, पाय चार्ट आणि कृती अहवाल शिस्तीत लावलेले दिसतात, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध मात्र लागत नाही. अभिप्रायात मुलं म्हणतात प्रात्यक्षिकं वाढवा. कृती अहवाल म्हणतो अतिथी व्याख्यान आयोजित केले.

म्हणून एकच ठराव धरायचा आणि त्याच्या मागे जायचं.

(दृश्य: फलकावर लावलेलं वेळापत्रक.)

धरण्याजोगा प्रसंग अगदी अलीकडचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना कशी असेल, हे राज्य सरकारने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात सांगितलं. स्वायत्त महाविद्यालयांनी ती २०२३-२४ पासूनच लागू करायची होती. म्हणजे हातात जेमतेम एक उन्हाळा. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), खुले ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, सगळं श्रेयांकांत (क्रेडिट्समध्ये) बसवायचं. एवढ्या घाईत झालेल्या अभ्यासक्रमात चुका राहणारच. त्यासाठी मंडळांना दोष देणं अन्यायाचं होईल. दोष पुढच्या वर्षीचा पाहावा. पहिल्या तुकडीची परीक्षा झाल्यावर मंडळ त्या चुकांकडे परत वळलं का?

खुले ऐच्छिक विषय घ्या. विद्यार्थ्याने तो आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा असतो. म्हणजे इतिहासाच्या मंडळाला रसायनशास्त्राच्या मुलांसाठी दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा विषय तयार करायचाय. काही मंडळं खरोखर नवं काही आखतात. काही प्रथम वर्षाच्या जुन्या पेपरातली दोन प्रकरणं कापून नवं नाव देतात. कोणी काय केलं हे कळायला जुना आणि नवा अभ्यासक्रम शेजारी ठेवले तरी पुरतं. मग वेळापत्रक बघा: यादीत विषय आठ, पण मुलाच्या मोकळ्या तासाला त्यातले दोनच सापडतात. मग निवड कसली?

नवं काय घातलं हे सगळे सांगतात. काढलं काय, ते मात्र विचारावं लागतं. कारण एखादा पेपर काढणं म्हणजे कोणाचा तरी वर्कलोड काढणं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचे असतात. तास घटले तर पद धोक्यात येतं. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याची तर पोटापाण्याचीच बाब. अभ्यासक्रमात कालबाह्य प्रकरणं टिकतात त्यामागे बौद्धिक आळसापेक्षा हे कारण अनेकदा मोठं असतं, आणि ते इतिवृत्तात कधीच येत नाही. हे न विचारता केलेलं मूल्यमापन शिक्षकांवर नुसते शेरे मारून मोकळं होतं.

(दृश्य: दोन प्रश्नपत्रिका, शेजारी शेजारी.)

शेवटचा थांबा परीक्षा विभाग. अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर ‘विश्लेषण करता येईल’, ‘उपयोजन करता येईल’ अशी अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून मुलाला काय जमेल ते, छापलेली असते. बदलाच्या आधीची आणि नंतरची प्रश्नपत्रिका शेजारी ठेवा. दोन्हींत ‘टिपा लिहा, कोणत्याही दोन’ असेल, तर मुलांच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही, कारण मुलं प्रश्नपत्रिकेकडे बघून अभ्यास करतात. ग्रंथालयाची नोंदवहीही बघा: संदर्भग्रंथांच्या यादीतली पुस्तकं खरेदी झाली का?

हे सगळं पडताळायला बाहेरची समिती लागत नाही. सभेपूर्वी प्रश्नपत्रिका परीक्षा विभागाकडून आणि खरेदीची यादी ग्रंथपालांकडून मागवता येते, आणि इतिवृत्त कायम करण्याआधी मागच्या ठरावांपैकी दोन-तीनांची हजेरी घेता येते. त्यासाठी विषयपत्रिकेत एक ओळ वाढवावी लागेल. ऐनवेळचा विषय म्हणून नव्हे, क्रमांक एकला.