चूल चालू, भांडं खाली

श्रोतेहो, नमस्कार. बोलायचं आहे विमानाच्या धुराबद्दल, पण आधी काटोलच्या एका आजींची गोष्ट सांगतो.

नागपूरहून मुंबईला निघालो होतो. विमानानं जायचं नव्हतं, पण विदर्भ एक्सप्रेसचं वेटिंग हललंच नाही. रात्रीची आणखी एक गाडी सोडा, निम्मं विमान रिकामं होईल, हे माझं जुनं गाऱ्हाणं. असो. शेजारी आजी, पहिलाच विमानप्रवास. मांडीवर संत्रा बर्फीचा डबा, नजर खिडकीबाहेर. मुंबई जवळ आली, पट्टे बांधून झाले आणि विमान जे कलंडलं ते कलंडलेलंच. खाली शेंगेसारखं वाकडं एक धरण दिसलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. आजींनी मला कोपरानं ढोसलं.

"भाऊ, हे तळं मघाशी गेलं होतं नं?"

म्हटलं, दुसरं असेल. तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्या हसल्याच. "काठावरची निळ्या पत्र्याची शेड म्या ध्यानात ठेवली होती नं बाप्पा!"

मग कबूल केलं. खाली धावपट्टीसाठी रांग आहे, आपला नंबर यायचाय.

"मंग तेल तं जळूनच राह्यलं असंन?"

जळतंय की. आजी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "म्हंजे चूल चालू, अन् भांडं खालीच."

पुढच्या रांगेतला टायवाला मागं वळून बघायला लागला.

तर श्रोतेहो, त्या चुलीचा हिशेब झालेला आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयानंच तो मांडला. मुंबईवर विमानं तेव्हा 40 ते 60 मिनिटं घिरट्या घालत होती आणि एक विमान तासाला सरासरी 2000 किलो इंधन पितं. पुन्हा सांगतो, तासाला 2000 किलो. किलोभर इंधन जळलं की तीन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे तासाभरात सहा टनांच्या वर, एक गाव पुढं न सरकता. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते, आणि वेळापत्रक खच्चून भरलेलं. तेव्हा सरकारनं गर्दीच्या तासांतली उड्डाणं कमी करायला लावली.

कोचीचा विमानतळ 2015 पासून सौरऊर्जेवर चालतो, पॅनेलांच्या मधे भाजी पिकते. मुंबईचाही 2022 पासून हरित विजेवर. छानच आहे. त्या विजेवर एसी इतका गार कशाला, की मे महिन्यात शाल लागावी, ते एक विचारायचंय. पण ती वीज इमारतीची, धूर विमानाचा. वीज इमारतीची, धूर विमानाचा.

त्यापेक्षा पुढं रांग आहे हे कळलं की विमान नागपुरातच इंजिन बंद करून उभं ठेवावं. आपण कुरकुरतो, मीही कुरकुरतो, पण वीस मिनिटं खाली बसलेलं बरं. उसाच्या मळीपासून केलेल्या इंधनाचंही सांगायचं होतं. ते थोडंसं मिसळून मे 2023 मध्ये पुण्याहून दिल्लीला विमान गेलं होतं. पण काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय.

आजींची बर्फी? ती चौथ्या फेरीत संपली. टायवाल्यालाही दोन मिळाल्या. नमस्कार.