कॅलेंडरमधले खोटे अलर्ट: एकेक पुसत बसू नका

फोन वाजतो. बघता तर कॅलेंडरची सूचना: ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला आहे, लगेच इथे दाबा.’ थोड्या वेळानं तीच पुन्हा. कॅलेंडर उघडलं, तर पुढच्या कितीतरी दिवसांवर हीच नोंद!

आधी घाबरणं थांबवू या. या सूचनेचा अर्थ फोनमध्ये व्हायरस शिरलाय असा होत नाही. कुणीतरी लिहिलेला मजकूर कॅलेंडर फक्त दाखवतंय. पण तो फोनच्याच सूचनेसारखा दिसतो, म्हणून भलीभली माणसं फसतात. खरा धोका आहे त्यातल्या लिंकमध्ये. तिला हात लावायचा नाही.

आता हे आत आलं कुठून? आयफोनवर बहुतेक वेळा सबस्क्रिप्शनमधून. एखाद्या साइटवर चौकट उघडते, ती घालवायच्या घाईत आपण ‘ओके’ दाबतो आणि परकं कॅलेंडर जोडलं जातं. सोय मुळात चांगली आहे. सुट्ट्या, सामन्यांच्या तारखा अशाच येतात. पण मूळ यादी असते ते कॅलेंडर चालवणाऱ्यांच्या सर्व्हरवर आणि फोन ती अधूनमधून नव्यानं आणत राहतो. म्हणून एकेक नोंद पुसायला गेलात तर हाती काही लागत नाही. अख्खं कॅलेंडरच काढायचं.

(स्क्रीन दाखवत) ती नोंद उघडा. लिंक नाही, फक्त नोंद. अगदी खाली ‘अनसबस्क्राइब फ्रॉम धिस कॅलेंडर’ दिसेल. ते दाबा, पुन्हा विचारेल, हो म्हणा. हा पर्याय २०२१ मध्ये आयओएस (आयफोनची सिस्टिम) १४.६ पासून आला. जुन्या फोनवर कॅलेंडर ॲपमध्ये खाली ‘कॅलेंडर्स’ दाबा, अनोळखी नावाशेजारच्या गोलातल्या ‘आय’वर जा आणि ‘डिलीट कॅलेंडर’ करा.

दुसरी वाट ईमेल पत्त्यावर येणाऱ्या आमंत्रणाची, आणि इथे एक चूक फार जण करतात. नको असलेलं आमंत्रण आलं की ‘डिक्लाइन’ दाबतात. दाबू नका! नकारही पाठवणाऱ्यापर्यंत पोचतो आणि हा पत्ता चालू आहे हे त्याला कळतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन सेवेवर, अशा आमंत्रणांचा पूर आला होता. तेव्हा लोक वेगळं कॅलेंडर बनवून आमंत्रण त्यात हलवायचे आणि ते कॅलेंडरच उडवायचे, म्हणजे उत्तर जाणार नाही. पुढच्याच महिन्यात ॲपलनं आयक्लाउडच्या वेबसाइटवर ‘रिपोर्ट जंक’ दिलं, म्हणजे नको असलेलं आमंत्रण कळवायचा पर्याय.

गूगल कॅलेंडर वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये आमंत्रणं आपोआप कुणाची घ्यायची हे ठरवता येतं. ‘सगळ्यांची’ असेल तर बदला आणि ‘पाठवणारा ओळखीचा असेल तरच’ हे निवडा. २०२२ पासून ही सोय आहे. मला हीच सेटिंग सगळ्यांत पटते: नव्या माणसाचं खरं आमंत्रण हरवत नाही, ते ईमेलमध्ये थांबतं, तुम्ही उत्तर दिलंत की कॅलेंडरमध्ये येतं. आधीच शिरलेली नोंद मात्र स्पॅम म्हणून रिपोर्ट करा.

आणि लिंक आधीच दाबली गेली असेल तर? नुसतं पान उघडून बंद केलं असेल तर बहुधा काही बिघडलेलं नाही. पासवर्ड टाकला असेल तर आत्ता हा व्हिडिओ थांबवा आणि तो बदला. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही. कार्डाचा नंबर दिला असेल तर पहिला फोन बँकेला.