यंदाचा किल्ला: खांदेरी

मंडळी, नमस्कार. यंदा मुलांसाठी आकाशकंदिलाबरोबर किल्लाही करायचा ठरलाय, आणि सीमेवर वा समुद्रात पहाऱ्यावर असलेल्यांचा मानही याच कार्यक्रमात राखायचा आहे. त्यासाठी दोन वेगळे कार्यक्रम कशाला? आमची सूचना अशी, की बाबा आणि मुलांनी मिळून खांदेरी हा समुद्रातल्या बेटावरचा किल्ला करावा.

मुंबईच्या चाळीत किल्ल्याला माती मिळणं हीच पहिली लढाई. डागडुजीतून उरलेल्या विटा, वाण्याकडचं गोणपाट, बादलीभर लाल माती, आणि कामावरून आल्यावर बाही वर करून बसलेले वडील, यावर गिरगाव-लालबागचे किल्ले उभे राहिले. बहुतेकांनी रायगड नाहीतर प्रतापगड केला. मुंबईच्या दाराशी असलेला खांदेरी मात्र राहूनच गेला. शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये तो बांधायला घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी जहाजं लावून वेढा घातला, पण मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराने काम थांबू दिलं नाही. इंग्रजांची जहाजं मोठी, आपली गलबतं हलकी. उथळ पाण्यातून, रात्रीच्या अंधारात ती समोरच्या किनाऱ्यावरून रसद नेत. हेच नाव आज भारतीय नौदलाच्या पाणबुडीला आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही 'खांदेरी' 28 सप्टेंबर 2019 रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. याच नावाची आधीची पाणबुडी 1968 सालची.

आता कृती. तीन फूट बाय चार फुटांची फळी, तिच्यावर जाड प्लास्टिक. बेटाला दोन टेकड्या आणि मध्ये सखल जागा, म्हणून विटांऐवजी खोक्यांचे दोन ढीग केले तर वजन कमी राहतं. त्यांवर गोणपाट पसरा. चिखल भज्यांच्या पिठाएवढा दाट हवा. पातळ झाला तर गोणपाटावरून घसरतो, आणि एकदम जाड थापला तर सुकताना तडकतो. दोन पातळ थर द्या. दुसरा थर पहिला ओलसर असतानाच. दुकानातली कुंडीची माती भुसभुशीत असते, ती धरत नाही. तिच्यात निम्मी चिकणमाती मिसळावी लागते.

खरं पाणी भरायचा मोह टाळा. तटाच्या पायथ्याची माती विरघळते आणि दुसऱ्या दिवशी बुरूज बसतो. निळ्या कागदावर काच ठेवली की समुद्र झाला. सलाईनच्या नळीचं कारंजं कितीही लाडकं असलं तरी समुद्री किल्ल्यावर ते शोभत नाही. दीपगृहही नको, ते 1867 मधलं आहे, फोटोत दिसतं म्हणून मुलं हमखास लावतात. बाजूला बशीएवढं उंदेरी, म्हणजे शेजारचं बेट करा, ते जंजिऱ्याच्या सिद्दीच्या ताब्यात होतं. मातीची चित्रं मांडताना मावळ्यांसोबत कोळी आणि भंडारी खलाशीही हवेत. तिरंगा मातीत खोचू नका, तो आडवा पडून चिखलात जातो. किल्ल्यावर भगवा.

अळीव भिजवून पेरू नये, चिकट होऊन गोळे बनतात. कोरडेच ओल्या मातीवर भुरभुरायचे आणि दिवसातून दोनदा फवारा मारायचा. दोन-तीन दिवसांत मोड येतात, आठवड्यात हिरवळ. म्हणून वसुबारसेच्या आठवडाभर आधी पेरा. थंडीत वेळ लागतो, तेव्हा फळी घरातच ठेवा.

ज्या घरात बाबा नौदलात किंवा लष्करात असतात, तिथे दिवाळीची रजा हातात पडेपर्यंत खरी नसते. अशा घरांनी काम वाटून घ्यावं: बाबांनी निघण्यापूर्वी टेकड्यांचा नकाशा काढून बुरुजांना आकडे घालून द्यावेत, मुलांनी आकड्याप्रमाणे रचत जावं. माती थापण्याआधी एक फोटो पाठवला, तर चूक दुरुस्त करता येते. नंतर सगळं फोडावं लागतं.

किल्ला एरवी तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात. यंदा 4 डिसेंबरपर्यंत ठेवूया, नौदल दिनापर्यंत. त्या संध्याकाळी काचेवर पुठ्ठ्याची पाणबुडी ठेवायची. खरी सुमारे 67 मीटर लांब आहे, आपली वीतभर पुरे. तोवर अळीव पिवळे पडलेले असतील. नोव्हेंबरच्या 25 तारखेच्या सुमाराला ते कात्रीने कापून त्याच मातीवर नवे पेरा.