गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारी

(रिकामी कपाटं. प्रत्येकावर किमतीची चिठ्ठी.)

सप्टेंबर २०११. अमेरिकेतल्या 'बॉर्डर्स' या पुस्तकसाखळीची उरलीसुरली दुकानं आवरली जातायत. पुस्तकं संपत आली, म्हणून कपाटंही विकायला काढली आहेत. उन्हाळ्यात शेवटचा सेल लागला तेव्हा ३९९ दुकानं चालू होती आणि त्यांत दहा हजारांहून जास्त माणसं कामाला होती.

ही साखळी कशामुळे बुडाली, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं: अ‍ॅमेझॉन. हे खरं आहे, पण अर्धंच.

(अ‍ॅन आर्बरचा जुना रस्ता.)

बॉर्डर्स हे आडनाव. टॉम आणि लुईस या दोन भावांनी १९७१ साली मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावात दुकान थाटलं. सुरुवात जुन्या पुस्तकांपासून झाली. लुईसचं डोकं गणिताचं. कोणतं पुस्तक कुठल्या दुकानात किती खपतं, पुढच्या वेळी किती मागवायचं, याचा हिशेब ठेवणारी संगणकप्रणाली त्याने तयार केली. म्हणजे पुस्तकविक्रीत संगणकाचा हुशारीने वापर करूनच हे दुकान मोठं झालं. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

१९९२ मध्ये 'केमार्ट' या बड्या किरकोळ विक्री कंपनीने बॉर्डर्स विकत घेतलं. पुढे दुकानांचा आकार फुगत गेला. एकेका दालनात लाखाच्या घरात शीर्षकं, शेजारी कॉफी, आणि सीडींचा भला मोठा विभाग. आधी या अजस्र दालनांनी गल्लीतली छोटी दुकानं गिळली. तेव्हा खलनायक हेच होते.

(इंटरनेटवरचं १९९५ सालचं साधंसं पान.)

जुलै १९९५ मध्ये अ‍ॅमेझॉनची विक्री सुरू झाली. त्याला दर्शनी जागेचं भाडं नव्हतं, भिंती नव्हत्या, म्हणून शीर्षकांना मर्यादाही नव्हती. शिवाय अमेरिकेतल्या ज्या राज्यात आपली इमारत किंवा माणसं नाहीत, तिथल्या गिऱ्हाइकाकडून विक्रीकर वसूल करायचं बंधन तेव्हा टपालाने माल धाडणाऱ्यांवर नव्हतं. दुकानदाराला मात्र तो घ्यावाच लागे. एकच पुस्तक, एकच छापील किंमत, तरी दुकानातलं महाग.

आणि मग २००१.

बॉर्डर्सची स्वतःची वेबसाइट तोट्यात होती. कंपनीने काय केलं? ती चालवायलाच अ‍ॅमेझॉनकडे दिली. ऑनलाइन ऑर्डर अ‍ॅमेझॉन घेणार, पुस्तक अ‍ॅमेझॉन पाठवणार, बॉर्डर्सला विक्रीमागे कमिशन. आपल्या गिऱ्हाइकाला आपणच बोट धरून समोरच्या दुकानात नेऊन बसवायचं, आणि तेही सात वर्षं! संगणकाच्या जोरावर वर आलेल्या साखळीने हे करावं, याचं नवल वाटतं. २००८ मध्ये स्वतःची वेबसाइट पुन्हा सुरू झाली, पण त्याआधीच, नोव्हेंबर २००७ मध्ये, ई-पुस्तकं वाचायचं अ‍ॅमेझॉनचं यंत्र, किंडल, बाजारात आलं होतं.

दरम्यान गाणी इंटरनेटवर गेली आणि सीडींचे विभाग ओस पडले. त्या जागेचं भाडं मात्र चालूच राहिलं, कारण करार लांब मुदतीचे होते. फेब्रुवारी २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला. पुढचं तुम्ही पाहिलंच.

(दुकानात शिरताच दिसणारं टेबल.)

आता त्या उरलेल्या अर्ध्याकडे. तेच वादळ 'बार्न्स अँड नोबल' या अमेरिकेतल्याच दुसऱ्या बड्या पुस्तकसाखळीनेही झेललं. खिळखिळी होत गेली, पण टिकली. २०१९ मध्ये ती एका गुंतवणूक कंपनीने घेतली आणि सूत्रं जेम्स डाँट यांच्या हाती आली. हे मूळचे लंडनचे पुस्तकविक्रेते. त्याआधी त्यांनी ब्रिटनमधली 'वॉटरस्टोन्स' ही पुस्तकसाखळी सावरली होती.

त्यांनी हात घातला तो या टेबलाला. दारातल्या टेबलावर एखादं पुस्तक दिसतं ते दुकानदाराला आवडलं म्हणून, असं आपण समजतो. मोठ्या साखळ्यांत त्या जागेसाठी प्रकाशक पैसे मोजत. शेकडो दुकानांत एकच मांडणी, आणि न खपलेले गठ्ठे प्रकाशकाकडे परत. या धंद्यात माल परत करता येतो, त्यामुळे चुकीच्या निवडीची झळ दुकानाला फारशी बसत नसे. डाँट यांनी हे पैसे घेणं थांबवलं आणि काय मागवायचं, टेबलावर काय ठेवायचं, हे त्या त्या दुकानातल्या माणसांवर सोपवलं. ऐकायला साधं वाटतं. पण बसून मिळणाऱ्या पैशावर पाणी सोडायला छाती लागते.

२०२४ या एका वर्षात बार्न्स अँड नोबलने पन्नासहून जास्त नवी दुकानं उघडली.

(बंद शटर. हळूहळू वर जातं.)

मधल्या काळात अ‍ॅमेझॉनलाही भिंतींचा मोह झाला होता. २०१५ मध्ये सिअ‍ॅटलला त्यांनी पुस्तकांचं खरंखुरं दुकान उघडलं, मग इतर शहरांत. २०२२ मध्ये ती सगळी बंद केली.

त्यातल्या बॉस्टन परिसरातल्या दोन जागा रिकाम्या झाल्या. त्या घेतल्या बार्न्स अँड नोबलने.