प्रजिमा, इजिमा आणि नागपूरची ती बैठक

श्रोतेहो, नमस्कार.

जिल्ह्याच्या रस्त्याने जाताना कडेच्या दगडावर 'प्रजिमा' किंवा 'इजिमा' अशी अक्षरे आणि पुढे एक आकडा आपण पाहिला असेल. प्रजिमा म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग आणि इजिमा म्हणजे इतर जिल्हा मार्ग. ही वर्गवारी देशभरातल्या मुख्य अभियंत्यांनी एकत्र बसून ठरवली, आणि ती बैठक आपल्या नागपुरात झाली. ज्या संस्थेच्या आग्रहामुळे ती भरली, त्या इंडियन रोड्स काँग्रेसबद्दल, म्हणजे रस्ते आणि पूल बांधणाऱ्या अभियंत्यांच्या संस्थेबद्दल, मी आज बोलणार आहे. माझी सारी नोकरी बांधकाम खात्यात झाली आणि या संस्थेची पुस्तके जवळ ठेवूनच मी काम शिकलो, त्यामुळे या बोलण्यात कृतज्ञतेचा भाग मोठा आहे.

संस्थेच्या जन्माशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांना पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आपण ओळखतो. 1927 साली देशातल्या रस्त्यांचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे ते अध्यक्ष होते, ही गोष्ट मात्र अभियंत्यांच्या बाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या होत्या आणि रस्ते होते ते खडी अंथरून, पाणी मारून, रोलरने दाबलेले. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव त्या खडीचा भुगा करी, आणि तोपर्यंत त्या भुग्यानेच खडी एकमेकींना धरून राही. मोटारीचे रबरी चाक वेगाने जाताना हा भुगा शोषून वर उडवू लागले, खडी सुटी झाली आणि रस्ते उखडले. एका रस्त्यावर दोन युगांची चाके फिरत होती आणि दोन्हींना पुरेल असा रस्ता बांधण्याची विद्या कुणाकडेच तयार नव्हती.

जयकर समितीने 1928 साली अहवाल दिला. रस्त्यांची वाढ ही साऱ्या देशाची बाब समजावी, पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचा निधी करावा, अभियंत्यांना अनुभवांची देवाणघेवाण करता येईल अशी एक निमसरकारी तांत्रिक संस्था स्थापावी आणि संशोधनाची सोय करावी, असे तिचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी गॅलनमागे 2 आणे करातून रस्ते निधी उभा राहिला, डिसेंबर 1934 मध्ये 73 सभासदांनिशी इंडियन रोड्स काँग्रेस सुरू झाली, आणि संशोधन संस्था 1952 साली दिल्लीत आली. समित्यांचे अहवाल धूळ खात पडतात अशी आपली तक्रार असते. या अहवालाच्या बाबतीत ती करता येणार नाही.

आता नागपूरच्या बैठकीकडे वळतो. साल 1943. महायुद्ध चालू होते, बंगालमध्ये माणसे दुष्काळाने मरत होती, आणि स्वातंत्र्याची तारीख कुणालाच माहीत नव्हती. अशा काळात या अभियंत्यांनी पुढच्या 20 वर्षांच्या रस्त्यांचा आराखडा केला, त्याचे नाव नागपूर प्लॅन. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड त्यांनी लावली. देशात 100 चौरस किलोमीटरमागे 16 किलोमीटर रस्ता असावा, असे उद्दिष्ट ठेवले. ते गाठण्यासाठी जे सूत्र मांडले त्यात गावांची संख्या आणि लोकवस्ती धरली, शेतीच्या आणि उद्योगांच्या वाढीसाठी 15 टक्के जादा धरले, आणि ज्या भागात रेल्वे आहे तिथे रुळांची लांबी वजा केली. शेतीच्या सुपीक मुलखात कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून 5 मैलांपेक्षा दूर नसावे, हा या आराखड्याचा मला सर्वांत जवळचा वाटणारा नियम आहे. कापसाची गाडी बाजाराला नेणाऱ्या शेतकऱ्याचा दिवस त्यात मोजलेला होता. उद्दिष्ट मुदतीच्या 2 वर्षे आधीच, 1961 साली पुरे झाले, आणि त्यानंतर 1961 ते 1981 चा जो आराखडा आला, त्याचे नाव बॉम्बे प्लॅन. त्यात 16 चे 32 किलोमीटर झाले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ही दोन्ही नावे आजही पाठ करावी लागतात.

आराखडे 20 वर्षांनी एकदा होतात, मानकांचे काम मात्र बारमाही चालते. एखाद्या विषयाची समिती मसुदा तयार करते, रस्त्यांचा असेल तर रस्त्यांची आणि पुलांचा असेल तर पुलांची वरिष्ठ समिती तो तपासते, आणि संस्थेच्या परिषदेने मान्यता दिल्यावर तो छापला जातो. एकपदरी रस्त्याची रुंदी 3.75 मीटर, दुपदरी रस्त्याची 7 मीटर, पुलावर किती वजनाचे वाहन धरायचे, वळणावर बाहेरची कड किती उचलायची, कोणत्या फलकाचा आकार केवढा, हे सारे या पुस्तकांतून येते.

एकच गोष्ट जवळून सांगतो. रस्त्याला मधोमध उंची देऊन दोन्ही कडांकडे जो उतार दिला जातो, त्याला आम्ही कॅम्बर म्हणतो. तो अडीच टक्के धरला, तर एकपदरी रस्त्याचा मध्य कडेपेक्षा जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर उंच येतो, म्हणजे सुमारे तीन बोटे. नोकरीच्या पहिल्या वर्षी काळ्या मातीच्या भागातल्या एका ग्रामीण रस्त्यावर ही तीन बोटे मी नीट तपासली नाहीत. दबाई चांगली झाली, डांबर चांगले होते, मोजमाप पुस्तिकेत सारे बरोबर होते. पहिल्या मोठ्या पावसानंतर एका म्हाताऱ्या मैल कामगाराने, म्हणजे रस्त्याची देखभाल करणाऱ्या मजुराने, मला तिथे नेले आणि काही न बोलता कडेला साचलेल्या पाण्यात काठी बुडवून दाखवली. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच राहिली होती, पाण्याला वाट नव्हती, ते खाली काळ्या मातीत मुरत होते. दिवाळीपर्यंत कड तुटली. त्यानंतर हा उतार तपासायची लाकडी फळी, म्हणजे कॅम्बर बोर्ड, जीपमध्ये ठेवल्याशिवाय मी कधी कामावर गेलो नाही.

पुस्तकातला नियम पाळला नाही तर काय होते, ते पुलांच्या बाबतीत फार भीषण असते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला कमानी पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह माणसे वाहून गेली. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला, याचा अभियंत्यांना अभिमान वाटणे साहजिक आहे. मला मात्र त्या नव्या पुलापेक्षा जुन्या पुलांची काळजी अधिक वाटते. पुलांच्या तपासणीची आणि देखभालीची मार्गदर्शिका संस्थेने 1990 सालीच काढली आहे. पायाभोवतीची माती खरवडून गेली आहे का, दगडांच्या सांध्यांत पिंपळ रुजला आहे का, कमानीला तडा आहे का, हे पाहण्यासाठी माणसाला नदीत उतरावेच लागते.

अलीकडच्या बातम्या आनंदाच्या आहेत. नोव्हेंबर 2018 मध्ये संस्थेचे 79 वे वार्षिक अधिवेशन नागपुरात भरले. जून 2022 मध्ये अमरावती ते अकोला मार्गावर 75 किलोमीटर लांबीच्या एका पदराचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत सलग पूर्ण झाले आणि त्याची गिनेस विश्वविक्रमात नोंद झाली. वणी-वरोरा महामार्गावर 2023 साली 200 मीटर लांबीचा बांबूचा संरक्षक कठडा बसवला गेला. बांबूवर तेलाची प्रक्रिया करून त्यावर पुनर्वापरातल्या प्लास्टिकचा थर दिलेला हा कठडा धडकेच्या आणि आगीच्या चाचण्यांतून उतरला, आणि त्याला इंडियन रोड्स काँग्रेसची मान्यता मिळाली. मला विक्रमापेक्षा हा कठडा मोलाचा वाटतो, कारण पोलादाऐवजी तिथे शेतात उगवणारी वस्तू उभी आहे, आणि मान्यता मिळाल्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यातला अभियंता तिचा विचार निर्धास्तपणे करू शकतो.

एक उणीव मात्र मनाला लागते. ही पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत. गावच्या रस्त्याचे काम मात्र मुकादम, रोलरचालक, मैल कामगार आणि ग्रामपंचायतीचे सदस्य यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि कॅम्बर किती असावा, साइडपट्टी कुठवर उतरवावी, मोरीचे तोंड कसे मोकळे ठेवावे, हे त्यांना मराठीत वाचायला मिळाले पाहिजे. चित्रांसह 40 पानांची पुस्तिका पुरेल. नागपूर विभागातल्या माझ्या निवृत्त सहकाऱ्यांपैकी काही जण आणि मी तिचा कच्चा मसुदा लिहायला बसलो आहोत. पहिले प्रकरण पाण्याच्या निचऱ्यावर आहे, आणि त्यातले पहिले चित्र कॅम्बर बोर्डाचे आहे.

नमस्कार.